बोटावर आणलेलं तिखट

काळ्या तिखटाच्या पाकिटावर काय छापायचं यावरून मी बारामतीत भांडलो आणि इंदापुरातही भांडलो. आमचं गाव दोन्हीच्या मधे, अंथुर्ण्याच्या अलीकडं, त्यामुळं भांडायला दोन्ही गावं सारखीच सोयीची पडतात. रस्त्यावर उभं राहायचं, जिकडची एसटी आधी येईल तिकडं भांडायला जायचं.

भांडण माझ्या बायकोच्या चार वाक्यांचं. ती गेल्या उन्हाळ्यात गेली. तिचं काळं तिखट राहिलं, म्हणजे करायची रीत राहिली. आता सून करते. गावातल्या बचत गटाच्या बायका मिरच्या आणि मसाला भाजतात, कांडपावर कुटतात, पाकिटं भरतात आणि बाजारात विकतात. हा सगळा पसारा आमच्या हिनं उभा केला. पाकिटावर काय लिहायचं तेही तिनंच ठरवलं. सुनेनं तिला एक फोन दिला होता, त्यावर एका बोटानं, अख्खी दुपार बसून, तिनं ते लिहिलं:

तिखट हाय. सोसत नसंल तर घिऊ नका. चिमूटभर टाका. मूठभर टाकून मग मला बोलू नका.

ती दोन यत्ता शिकलेली, मी चौथी. मी लिहिताना ‘आहे’ लिहितो, कारण मास्तरानं ते माझ्या हातावर छडी मारून बसवलंय. तिला कुणी मारायच्या आतच तिची शाळा सुटली. म्हणून ती जशी बोलायची तशीच लिहायची.

लोक विचारतात, आबा, आता कसं वाटतंय. काय सांगायचं डोंबल. रडायचं असलं की मी कांडपावर जातो. तिथं मिरच्या कुटताना सगळ्यांच्याच डोळ्यांतनं पाणी येतं, कुणी कुणाला विचारत नाही.

तर लेबलं संपली. पहिली लेबलं ज्यानं छापली होती तो फार चांगला माणूस, कारण त्यानं ती वाचलीच नव्हती. फोनवरनं जे आलं ते त्यानं आहे तसं छापलं. मी त्याच्याकडं गेलो तर दुकानात कोंबड्या. छपाई परवडेना म्हणून त्यानं सगळं विकून ब्रॉयलर टाकले होते. आमचं जुनं लेबल कुठं साठवून ठेवलंय का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “आबा, आता माझ्याकडं तिखट लावायचा माल हाय, तिखट न्हाय.”

इकडं बावड्याच्या बाजारात गटाला बसायला जागा मिळाली होती आणि बाजार तोंडावर आला होता. गटातली एक बाई कुठनं तरी तयार लेबलांचा गठ्ठाच घेऊन आली. त्यावर डोक्यावर पदर घेतलेली एक गोरीपान बाई हसत होती आणि खाली लिहिलं होतं, ‘आईच्या हातची चव’. मी विचारलं, कुणाच्या आईच्या. ती चित्रातली बाई तिखट कुटणारी वाटतच नव्हती. तिखट कुटणारी बाई हसत नसते, शिंकत असते.

सून मला मामा म्हणते आणि आमच्या हिला आत्या म्हणायची. ती गटातल्या बायकांसमोर लेबलं मोजत राहिली. बायका गेल्यावर म्हणाली, “मामा, बाजाराच्या आत छापून आलं तर आत्यांचंच लावू. न्हाय आलं तर मला ह्येच लावावं लागंल. गट एकटीचा न्हाय माझा.”

मी म्हटलं, आणतो. त्यात काय अवघड आहे.

जुनं भरलेलं एक पाकीट पिशवीत टाकून मी बारामतीला एका डिझायनरकडं गेलो. चाळिशीचा माणूस, दाढी कोरलेली, थंडगार खोली. पाकीट त्याच्यापुढं ठेवलं आणि सांगितलं, हे असंच पाहिजे. पाकिटाला तेल सुटून अक्षरं पसरली होती, म्हणून फोटो काढून चालणार नव्हता. फोटो मोठा केला की फुटतो म्हणाला. म्हणून त्यानं बघून बघून टाइप केलं आणि मला वाचून दाखवलं: हा मसाला तिखट आहे. सहन होत नसल्यास घेऊ नये. आवश्यकतेनुसार वापरावा.

मी म्हटलं, “ही माझी बायको न्हाय. ही एसटीतली पाटी हाय.”

तो म्हणाला, समोर आहे तेच मी टाइप केलंय. आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. मी बोट ठेवून दाखवलं, ‘हाय’. त्यानं मान डोलावली आणि परत ‘आहे’ टाइप केलं. त्याचा दोष नाही. शिकलेल्या बोटांना वळण लागलेलं असतं. आमची म्हैस विकून वर्ष झालं तरी नव्या मालकाकडनं सुटली की आमच्याच गोठ्यात येते.

घरी येऊन सुनेला सांगितलं. ती म्हणाली, मामा, कुणाला टाइप करूच देऊ नका. आत्यांच्या फोनमधनं कॉपी करायचं आणि त्याच्या कॉम्प्युटरवर पेस्ट करायचं, म्हणजे मधे कुणाचा हात लागत नाही. हे मला पटलं. कुणाचा हात लागत नाही, हेच तर पाहिजे होतं.

संध्याकाळी तिनं मला शिकवलं. हिचा फोन उघडायला काचेवर बोटानं एक रेघ ओढावी लागते. ती रेघ मला येते. हिची बोटं कायम हळदीमिरचीची, त्यामुळं काचेवर त्या रेघेचा डागच पडलेला होता. तो बघून कुठल्याही चोरानं फोन उघडला असता. सुनेनं ती चार वाक्यं काढली आणि म्हणाली, हितं बोट दाबून धरा. धरलं. अक्षरं निळी झाली. म्हणाली, आता कॉपी.

मी म्हटलं, “कॉपी.”

“तोंडानं न्हवं मामा. हितं दाबा.”

दाबलं. काहीच झालं नाही. मी विचारलं, आता ते कुठं गेलं. ती म्हणाली, घेतलं गेलंय, आता जिथं लावायचं तिथं जाऊन पेस्ट करायचं. दिसत का नाही, विचारलं. दिसत नाही, पण असतं, म्हणाली. आणि एक बजावलं, की मधे दुसरं काही कॉपी करू नका, नाहीतर हे जाईल आणि ते येईल.

आता ह्यात माझी काय चूक ते तुम्हीच सांगा. बोट मी लावलं. बोटाखाली अक्षरं निळी झाली. घेतलं गेलं, दिसत नाही, पण आहे, आणि मधे दुसरीकडं लावायचं नाही. पूजेला बसलं की भटजी हातात अक्षता देतो आणि मी सांगेपर्यंत मूठ उघडू नका म्हणतो. तसंच असणार. ते त्या बोटावर आहे.

सकाळी मी एका हातानं आंघोळ केली. दात डाव्या बोटानं घासले. भाकरीही डाव्या हातानं खाल्ली, आणि सुनेला वाटलं माझा खांदा धरलाय. उजव्या हाताचं ते बोट वर धरून मी एसटीत चढलो. कंडक्टरला वाटलं एक तिकीट मागतोय, ते बरोबरच होतं. शेजारी निमगावची खायची पानं घेऊन बारामतीला निघालेला एक जण बसला होता, मांडीशी करंडी. थोडा वेळ बघून म्हणाला, आबा, बोट कापलं का.

“न्हाय. बायकोचं हाय त्याच्यावर.”

“काय हाय?”

“चार वाक्यं.”

त्यानं बोटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, करंडी उचलून मांडीवर घेतली आणि बारामती येईपर्यंत खिडकीतनं बाहेर बघत राहिला. वाटेत कारखान्यापाशी मळीचा वास आला आणि मला नाकात खाज सुटली. माणसाचं नाक खाजवायचं बोट कुठलं असतं ते तेव्हा कळतं. मी सीटच्या दांडीला नाक घासलं.

डिझायनरच्या खोलीत गेलो, थेट त्याच्या मागं उभा राहिलो आणि बोट त्याच्या कॉम्प्युटरच्या काचेवर दाबून धरलं. चांगलं दाबलं.

तो म्हणाला, “आबा, काय करताय?”

“पेस्ट.”

बराच वेळ झाला तरी निळं काही होईना. मी बोट काढलं तर काचेवर फक्त ठसा होता. त्यानं फडकं घेतलं आणि पुसायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, पुसू नका, ते तिचं हाय.

मग त्यानं विचारलं, फोन कुठंय. घरी, म्हटलं. मग आणलं कशात, म्हणाला. मी बोट दाखवलं. माणूस सभ्य होता, हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, तुमच्यासाठी चहा सांगतो, आणि बाहेर गेला. बाहेर जाऊन हसला. काचेतनं मला दिसत होतं. चहाच्या टपरीचा आधार घेऊन हसत होता.

घरी सुनेला सांगितलं तर तिनं पदर तोंडाला लावला आणि आत पळाली. आधी मला वाटलं रडते. मग भांडं पडलं. मी रागावलो, म्हटलं पूर्वी आम्ही शेजारच्या चुलीतनं विस्तव आणायचो तेव्हा कुणी हसायचं नाही. ती आतनंच म्हणाली, “मग विस्तव काय बोटावर आनायचा का, मामा? गोवरी न्यायचा न्हवं? फोन म्हंजी ती गोवरी.”

हे आधी सांगितलं असतं तर मी नाक खाजवलं असतं.

मग फोन घेऊन गेलो. डिझायनरनं हिचा फोन हातात घेतला, आपल्या मशीनकडं बघितलं आणि म्हणाला, ह्याचं त्याला चालत नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर उष्ट्या सफरचंदाचं चित्र होतं, फोन दुसऱ्या घराण्यातला. वायर लागेना. म्हणाला, दोघांची सिस्टीम वेगळी आहे आबा, हे एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

“भावकी हाय का?”

तसंच काहीसं, म्हणाला.

भावकीत मधला माणूस लागतो. त्यानं हिच्या फोनवरनं स्वतःच्या फोनवर मेसेज पाठवला आणि तिथनं तो कॉम्प्युटरवर घेतला. हिच्या फोनवरनं मेसेज गेल्याचा आवाज झाला. किती दिवसांनी झाला. मी जरा खिडकीकडं बघितलं. तोवर त्यानं ती वाक्यं उचलून लेबलाच्या चित्रात टाकली होती. मी चष्मा लावून वाचलं.

तखिट हाय.

हे काय, म्हटलं. त्यानं डोळे बारीक केले. वेलांटी ‘त’ला सोडून ‘ख’ला जाऊन चिकटली होती. घिऊची वेलांटी ऊच्या गळ्यात पडली होती. चिमूटची कुठं होती ते त्यालाही सापडेना. म्हणाला, इकडून तिकडं नेताना होतं असं, चित्राच्या ह्या प्रोग्रॅमला मराठी वेलांटी कुठल्या बाजूला बसते ते कळत नाही. त्याला कळवायचं एक साधन मागवावं लागेल, त्याला आठवडा जाईल. बाजार त्याच्या आत होता. म्हणाला, मी तेवढी वेलांटी हातानं सरळ करतो, आणि त्याची बोटं खाली गेली आणि ‘तिखट आहे’ लिहून परत वर आली. मी त्याचं मनगट धरलं. त्या माणसाचं मनगट मी त्याच्या बायकोपेक्षा जास्त धरलं असेल.

मग त्यालाही राग आला. त्याचं म्हणणं पद्धतशीर होतं, खोटं कशाला सांगू. तिखटाच्या पाकिटावर तिखट आहे असं कशाला लिहायचं. गिऱ्हाइकाला घेऊ नका असं जगात कुणी म्हणत नाही. आणि शेवटी म्हणाला, “ते ‘मला बोलू नका’, ते तर काढाच आबा. ‘मला’ म्हणजे कुणाला? त्या तर आता...” आणि थांबला.

“गेली,” मी म्हटलं. “म्हनून काय तिचं ‘मला’ पन गेलं?”

त्यानं मशीन बंद केलं. चहा परत सांगितला, ह्या वेळी दोन. चहा पिता पिता म्हणाला, इंदापूरला जुना प्रेस आहे, त्यांच्याकडं खिडक्यांवाला जुना कॉम्प्युटर आहे, तिथं कदाचित बसेल.

इंदापूरचा प्रेसवाला माझ्याच वयाचा निघाला. चष्म्याला दोरी, कानात अत्तराचा बोळा. त्याचा कॉम्प्युटर चालू झाला की पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा आवाज यायचा. मला बरं वाटलं. आवाज करणाऱ्या मशीनवर माझा विश्वास आहे. काम करते ते तरी कळतं. डिझायनरनं बारामतीहून पुढं पाठवलेला मेसेज त्यानं उघडला, आपल्याला ठाऊक असल्यासारखी दोन बटणं दाबली आणि म्हणाला, घ्या पाव्हणं, झालं. मी वाचलं:

लहान-थोरांचे आशीर्वाद हाच आहेर. कृपया पुष्पगुच्छ आणू नयेत.

तो म्हणाला, अरेच्चा, ही कालची लग्नपत्रिका राहिली आत. आधीचं पोटात होतं ते बाहेर आलं. सून म्हणालीच होती की हे जाईल आणि ते येईल. मी म्हटलं, हे पुसा, न्हायतर गिऱ्हाईक अक्षता घेऊन घरी येईल.

परत केलं. ह्या वेळी लेबलावर नुसती प्रश्नचिन्हं आली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आमच्या हिनं आयुष्यात कुणाला एवढे प्रश्न विचारले नव्हते. ती सांगायची, विचारायची नाही. प्रेसवाल्यानं समजावलं, की छापायच्या प्रोग्रॅममधली अक्षरं जुनी आहेत, त्याला ही नवी अक्षरं वाचता येत नाहीत. मग त्यानं ते दुसऱ्या खिडकीत टाकलं, पत्रं लिहायच्या, तर तिथं अगदी बरोबर दिसलं. वेलांट्याही जागेवर. फक्त प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ. हाय खाली रेघ, नसंल खाली रेघ, घिऊ खाली वाकडीतिकडी लांबडी रेघ. मास्तर मरून गेले, रेघा मागं ठेवून गेले. पण ह्या खिडकीतनं त्या खिडकीत न्यायला लागलं की परत प्रश्नचिन्हं. एकाच मशीनच्या दोन खिडक्या, दोन्ही समोर, आणि एकीतलं दुसरीत जाईना.

प्रेसवाला म्हणाला, हातानं टाइप करण्याशिवाय इलाज नाही. दोन मिनिटांचं काम आहे, सांगा. मी म्हटलं, तुम्ही ‘आहे’ लिहिणार. तो म्हणाला, मी काय येडा हाय का, मी ‘हाय’च लिहिणार. आणि बघा, तोंडानं ‘हाय’ म्हणत म्हणत त्याच्या बोटांनी ‘आहे’ लिहिलं. त्यानंच वाचलं आणि त्यालाच लाज वाटली. पुसून परत लिहिलं. ह्या वेळी हाय आलं, पण नसंलचं नसेल झालं आणि घिऊचं घेऊ. एक धरलं की दुसरं सुटायचं. आमच्या पाटाचं असंच आहे, एक भोक बुजवलं की दुसऱ्यातनं पाणी.

तेव्हा मला एक सुचलं. बोटांना पुढचा शब्द काय येतोय ते कळतं, म्हणून ती आपल्या मनानं पळतात. त्यांना कळूच द्यायचं नाही. मी म्हटलं, शेवटून लिहू. एकेक अक्षर, मागून पुढं. मी सांगेन तेवढंच लिहायचं.

तो म्हणाला, पाव्हणं, जेवण झालंय का तुमचं. पण माणूस जुना होता, आणि लाजलेलाही होता. त्यानं बाही वर सारली. मी हिच्या फोनमध्ये बघून सुरू केलं. का. न. मधे जागा सोडा. लू. बो. जागा. ला. म. प्रत्येक अक्षर लिहिलं की त्याला ती लुकलुकणारी दांडी परत मागं न्यावी लागायची. ‘टाकून’पर्यंत आलो तेव्हा त्याला घाम फुटला होता. पत्रिका न्यायला आलेला एक जण दारात उभा होता. तो आत यायलाच तयार होईना. थोडा वेळ ऐकून त्यानं हळूच विचारलं, की पत्रिका मी उद्या नेली तर चालेल का, आज अमावस्या तर नाही ना. प्रेसवाल्याचाही हात थांबला.

“पाव्हणं, खरं सांगा. ही करणी न्हाय न्हवं कुणावर?”

“बायको हाय माझी. लिवा. र. भ. ठ. मू.”

लिहीत गेला. त्याला काय लिहितोय ते कळत नव्हतं, त्यामुळं चुकत नव्हता. नसंल उलटं आलं तसं लिहिलं, ‘स’वर टिंब द्या म्हटलं की दिलं. शेवटी य, मग हा, मग ट, मग ख, मग ति. थांबा, म्हटलं, संपली. टेलिफोनचा नंबर खाली टाकायचा होता तोही त्यानं मागून घ्यायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, आकडे सरळ. नंबर हिचाच ठेवला. सून माझा द्या म्हणाली होती, मी ऐकलं नाही.

मग त्यानं चष्मा पुसला आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं. आतापर्यंत त्याला नुसती अक्षरं ठाऊक होती, सुटी सुटी, निवडायला टाकलेल्या शेंगांसारखी. तिखट हाय, त्यानं वाचलं. सोसत नसंल तर घिऊ नका. ‘मूठभर टाकून’पाशी आला आणि हसायला लागला, आणि शेवटचं वाक्य त्यानं हसत हसतच संपवलं. म्हणाला, “खमकी बाई दिसती.”

“दिसत न्हाय आता,” मी म्हटलं. “पन खमकी व्हय.”

त्यानं कागद लावला आणि मशीन सोडलं. मी तिथंच स्टुलावर बसून राहिलो. एकामागून एक तिचीच वाक्यं पडत होती, आणि एकाही कागदावर ती आहे म्हणत नव्हती.

लेबलं घेऊन मी बाजाराच्या आदल्या दिवशी घरी आलो. सुनेनं गठ्ठ्यातलं वरचं लेबल काढून वाचलं. मग खालचं काढून वाचलं. सगळ्यांवर एकच असतं, हे तिला मी सांगायला पाहिजे होतं, पण नाही सांगितलं. गटातल्या बायका जमल्या, पिठाची खळ केली आणि चिकटवायला बसल्या. मीही बसलो. हे पेस्ट मला येतं. तयार लेबलं आणणारी बाईही बसली, आणि ‘आईच्या हातची चव’ तिनं पाकिटांखाली अंथरायला घेतली, खळ सांडू नये म्हणून.

बाजारात मी गेलो नाही. सून आणि बायका गेल्या. माल खपला, सून म्हणाली, लोक वाचून हसतात आणि घेतात. एकानं पैज लावून घेतलं. मी बरं म्हटलं आणि दाराच्या उंबऱ्यात बसलो.

त्यानंतर एका सकाळी हिचा फोन वाजला. तो मी चार्जिंग करून भिंतीतल्या देवळीत ठेवतो. वाजत कधी नाही. कानाला लावला तर पलीकडं एक बाई, बावड्याकडची, आवाज कडक. तिखटवाल्या बाई हायत का, म्हणाली.

“न्हायत. मी त्यांचा मालक.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “त्यांनी लिवलंय ‘मला बोलू नका’, म्हनून मी दोन दिस गप बसले हुते. तुमाला बोलाया काय हरकत न्हाय.”

आणि तिनं सुरू केलं. तिचा जावई आला होता. लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदा. तिनं मटणाचा रस्सा केला, आमचं तिखट टाकून. जावयानं पहिला घास घेतला आणि उठून हौदात तोंड घातलं. वरची टाकी रिकामी केली. अजून बाजेवर पडून आहे आणि कुणी हाक मारली की नुसती मान हलवतो. लेक आईशी बोलत नाही. माणसं मारायची का तिखट विकायचं, काही जनाची नाही तर मनाची, वय झालं तुमचं, घरात कुणी सांगणारं नाही का तुम्हाला. मधे श्वास घ्यायला थांबली नाही. आमची ही अशीच बोलायची, एका दमात, आणि शेवटी आपण काय केलं होतं तेच विसरायला व्हायचं.

ती दम घ्यायला थांबली तेव्हा मी विचारलं, किती टाकलं होतं.

पलीकडं ती खाकरली. मग म्हणाली, आता मुठीला काय माप असतंय व्हय. आणि परत सुरू झाली, आता माझ्या मिरच्यांच्या खानदानावरनं.

मी उंबऱ्यात पाय पसरून बसलो. सून आतनं हात पुसत आली. मामा, कुणाचाय, म्हणाली. मी फोनवर हात ठेवला.

“गिऱ्हाईक हाय.”

“काय म्हनतंय?”

“मला बोलतंय,” मी म्हटलं, आणि फोन परत कानाला लावला.